कोंडिबाच्या पोटातली हवा

लोणावळे, ५ डिसेंबर १९३४

चार महिने ही वही उघडली नाही. क्षमा मागायची तर घरात हिच्याशिवाय आहे तरी कोण?

कार्ल्याच्या कोंडिबाला गेल्या महिन्यात बैलाने छातीवर धडक दिली. पोट फुगले. यकृतावर बोटाने ठोकून पाहिले, तर बद्द आवाजाऐवजी पोकळ आला. म्हणजे आत मोकळी हवा; आतडे फाटले, असे मी ठरवून टाकले. त्याची बायको म्हणाली, "नुसतं वारं भरलंय, डाक्टर. उतरंल की." मी तिच्यावर खेकसलो आणि त्याला पुण्याला धाडले. तिथे पोट चिरले. आतडे शाबूत! हवा दुखावलेल्या फुप्फुसातून खाली उतरली असावी, असे सर्जनचे पत्र आले आहे.

आतडे फाटले की पोट फळीसारखे कडक होते; पण हे पोट मऊ होते. मऊ होते, हे माझ्या बोटांना कळले होते. थांबलो असतो तर? आणि खरेच फाटलेले असते तर?

आज दोघे आली. कोंडिबा अजून वाकून चालतो. "तुमी धाडलं म्हनून वाचलो," म्हणत पाया पडला. बायको हसली, "आन् मी येडी वारं म्हनत व्हते!" मीही हसलो.

उद्या: कार्ल्याला जाऊन, तिचेच बरोबर होते, हे दोघांना सांगणे.