अक्तीची मूठ

॥ श्री ॥
आंबागड, १० एप्रिल २०२५

चि. रुचिकास आईचे अनेक आशीर्वाद. आम्ही येथे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, पण खोटं कशाला लिहू?

पत्रास कारण, मला फोनचा धसका बसला आहे. मागच्या आठवड्यात तू मंगेशला फोनवर जे सांगितलंस ते त्यानं स्पीकर लावून अंगणात बसलेल्या सगळ्यांना ऐकवलं. भावाला बहिणीचं कौतुक, दुसरं काय! त्यातल्याच कुणीतरी ते मोबाइलमध्ये भरून घेतलं. मागचं-पुढचं कापलं आणि आम्ही जीव तयार केला एवढंच ठेवलं. संध्याकाळपर्यंत ते तुमसरला पोचलं. खाली कुणी लिहिलंय की आंबागडच्या पोरीनं देवाला सुट्टी दिली. गावचे पोट्टे आता मंगेशला ब्रह्मदेवाचा साळा म्हणून हाका मारतात. तुझ्या बाबांनी चौकातल्या पानठेल्यावर जाणं सोडलं. सुपारी घरीच कातरतात आणि कातरताना माझ्याकडे अशा नजरेनं बघतात की जणू मीच तुला ते शिकवलं.

शेजारच्या गोदावरीबाईची बकरी मेलेलं पिल्लू व्याली, तर तेही तुझ्या नावावर जमा झालं. भजनी मंडळाचे भैयाजी देवळात सगळ्यांदेखत म्हणाले की ज्या घरची पोरगी बाटलीत जीव करून राहिली, त्या घरची धानाची बिजाई आपल्या बांधीत कायले टाकायची. कुणी हूं की चूं केलं नाही. मीसुद्धा नाही. खरं सांगू का, मला त्यांचा राग आला नाही, तुझा आला. देवानं एवढं सगळं करून ठेवलंय, त्यात तुम्हाला काय कमी दिसलं गं?

अक्षय्य तृतीया, आपली अक्ती, वीस दिवसांवर आली आहे. तुझ्या पणजीपासून या गावात अक्तीच्या सकाळी प्रत्येक घरची बाई आपल्याकडे येते, आपल्या बियाण्याच्या ढोलीतून हिरानखी धानाची एक मूठ नेते आणि स्वतःच्या बियाण्यात मिसळते. या घरच्या हाताला बरकत आहे असं लोक मानतात. माझ्याजवळ दुसरं काय आहे? मी सातवी शिकलेली बाई. या ढोलीमुळे मला गावात मान आहे. यंदा माझ्या दारात कुणी आलं नाही तर मी जिवंत असून नसल्यासारखी.

म्हणून सांगते, अक्तीच्या आधी घरी ये आणि देवळात उभी राहून सांग की ते सारं खोटं होतं. तू घरून निघताना मी तुझ्या पदरी घरच्या धानाची पुरचुंडी बांधली होती, माणूस परतून यावं म्हणून. ती कुठे फेकलीस कुणास ठाऊक.

राग भरपूर आहे. त्याच्याखाली माया आहे, ती शोधून घे.

तुझी आई,
आनंदाबाई

बंगळूर, १७ एप्रिल २०२५

ती. आईस रुचिकाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, दोन्ही वेळा चिडले, मग जेवले आणि आता लिहायला बसले आहे.

आधी आम्ही काय केलं ते ऐक. माती कालवून बाहुला केला आणि फुंकर मारली, असं काही नाही. डोळ्याला न दिसणारा एक जिवाणू असतो. त्यानं काय खायचं, कसं वाढायचं, एकाचे दोन कधी व्हायचे, हे सारं त्याच्या आत लिहिलेलं असतं. ते लिखाण आम्ही प्रयोगशाळेत तुकड्या-तुकड्यांनी तयार केलं, जोडलं आणि दुसऱ्या एका जिवाणूच्या आतलं जुनं लिखाण काढून तिथे बसवलं. घर त्याचंच, कारभार आमचा. पुष्कळ दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी तो वाढताना दिसला. शून्यातून जीव अजून कुणालाही करता आलेला नाही, आम्हालाही नाही. हे मी मंगेशला सांगितलं होतं, पण नेमकं तेच कापलं गेलं.

तो वाढताना दिसला तेव्हा मी रडले. तू ते विचारलं नाहीस. मला वाटलं होतं, जगात सगळ्यांत आधी तूच विचारशील.

इकडेही कुणी हारतुरे घेऊन उभं नाही. आमच्या फाटकासमोर लोक फलक घेऊन बसतात. एक गृहस्थ मला रोज ईमेल पाठवतात की माझ्या पोटी राक्षस जन्माला येईल. इकडचे लोक शिकलेले आहेत, म्हणून शिव्या इंग्रजीत देतात, एवढाच फरक. सगळ्यांना मी वेडगळ म्हणत नाही. काहींची भीती खरी आहे. हा जीव उद्या बाहेर सुटला तर काय, कुणाच्या हाती पडला तर काय, असं विचारणारे लोक मला आवडतात. रोज सकाळी मीही स्वतःला तेच विचारते. पण मेलेल्या पिल्लाचा हिशेब माझ्याकडे मागणाऱ्यांना मी काय उत्तर देऊ?

मी येणार नाही. आले तरी ते खोटं होतं असं म्हणणार नाही. लहानपणी मी शाळेत खोटं बोलले तेव्हा तू मला भर उन्हात गुरुजींच्या घरी माफी मागायला नेलं होतंस. आता तूच उलटं शिकवतेस.

बाबांना नमस्कार. मंगेशचा कान माझ्या वतीनं पिळ. माझ्यावरचा लोभ गावाला विचारून ठेवू नकोस.

तुझी,
रुचिका

॥ श्री ॥
आंबागड, २ मे २०२५

चि. रुचिकास आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. भाषण छान आहे, पुढेमागे निवडणुकीला उभी राहा.

तू आली नाहीस, म्हणून मार्ग मीच काढला. भैयाजींकडे स्वतः गेले. ते म्हणाले की बिजाई शुद्ध करून घ्या, मग कुणाची हरकत राहणार नाही. अक्तीच्या आदल्या दिवशी ढोलीतलं सगळं हिरानखीचं बियाणं मंगेशनं देवळात नेलं. वैनगंगेच्या पाण्यानं धुतलं. मग टोपल्यांत भरून होमाच्या वर बांबूच्या माचीवर ठेवलं. गोवऱ्या, गुग्गुळ, तूप, सगळं आपल्या घरचं. दिवसभर धूर चालला होता. माझे डोळे अजून चुरचुरतात.

आणि परवा सकाळी बाया आल्या. गोदावरीबाई सगळ्यांच्या आधी आली आणि मूठ घेऊन मला म्हणाली की आता कसं, धान बी सुद्ध झाला अन् तू बी. मी हसले आणि तिला चहा पाजला. तुझ्यामुळे लागलेला डाग मी धुतला आहे. आता तू तुझे जिवाणू सांभाळ, मी माझी ढोली सांभाळते. तू यावंस असा माझा आग्रह राहिलेला नाही.

लोभ असावा असं शेवटी लिहायचं असतं, म्हणून लिहिते.

आनंदाबाई

बंगळूर, ९ मे २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

भांडण नंतर करू. आधी मला सांग, त्या टोपल्या आगीपासून किती वर होत्या? धान ओला होता ना? कोरडा दाणा थोडी ऊब सोसतो, पण ओल्या दाण्यातला अंकुर जागा होऊ लागलेला असतो. तो शेकला तर मरतो. आई, हे मी पुस्तकातलं सांगत नाही. बियाण्याची पोती चुलीच्या भिंतीला लावून ठेवली म्हणून तू बाबांना आठवडाभर बोलली होतीस, ते मी घरात ऐकलं आहे.

माझं एक ऐक. त्यातले थोडे दाणे ओल्या पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेव. चार दिवसांत मोड आले तर मी तुझी माफी मागेन, देवळातसुद्धा मागेन. नाही आले तर रोपांसाठी पऱ्हे टाकायच्या आधी कळेल तरी.

तुम्ही सगळे जिवाच्या नावानं होम करत होता आणि टोपलीत काय ठेवलंय ते कुणीच पाहिलं नाही, याचा मला फार संताप आला आहे. माझ्या जिवाणूला घाबरून तुम्ही स्वतःचा धान भाजलात.

उत्तर दे. माया नसेल तर नुसतं उत्तर दे.

रुचिका

॥ श्री ॥
आंबागड, ६ जुलै २०२५

चि. रुचिकास आशीर्वाद.

एवढे दिवस तुला उत्तर दिलं नाही. ओल्या पोत्यात दाणे ठेवले नाहीत. तू सांगितलंस म्हणूनच ठेवले नाहीत.

मृग लागल्यावर पऱ्हे टाकले. गावात सगळ्यांचे उगवले, कारण त्यांनी स्वतःच्या बियाण्यात आपल्या घरची एकच मूठ मिसळली होती. आमच्या वाफ्यात नुसता चिखल. मंगेश रोज जाऊन बघायचा आणि तसाच परत यायचा. मग मी स्वतः गेले, चिखलातून दाणे उकरले आणि नखानं फोडले. आत पीठ. अंकुर काळा पडला होता. मंगेशनं कृषी केंद्रातून दुसरं बियाणं आणून पेरलं, म्हणजे घरात भाताला कमी पडणार नाही. पण हिरानखी गेली. ती निखळ अशी दुसऱ्या कुणाच्या घरी नाही, सगळे माझ्याच भरवशावर होते.

आता गाव काय म्हणतं ते ऐक. भैयाजी म्हणतात की होमाचा काहीच दोष नाही. आनंदाबाईच्या पोरीनं इथल्या धानातला जीव ओढून नेला आणि तिकडच्या बाटलीत भरला, म्हणून दाणा पोकळ निघाला. लोकांना ते पटलंय. गोदावरीबाई बांधावरून जाते तेव्हा पदर तोंडाला लावते. ज्या हाताची मूठ नेत होती त्याच हाताला आता भिते. तुझे बाबा एवढे शांत, पण त्यांनी काल भैयाजींना चौकात अशी शिवी दिली की ती मला लिहिता येत नाही.

आणखी एक सांगते. होमाच्या दिवशी दुपारी मी टोपलीत हात घातला होता. धान चटका बसेल इतका गरम होता. मला तेव्हाच कळलं होतं. सगळे बघत होते, म्हणून मी हात काढून घेतला आणि गप्प बसले.

तुला राग येईल. येऊ दे. फक्त पत्र लिहायचं बंद करू नकोस.

तुझी आई

बंगळूर, १२ जुलै २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

राग आला. मग तुझा चटका बसलेला हात डोळ्यांसमोर आला आणि मी ऑफिसातून उठून बाहेर जाऊन बसले.

सोबत एक छोटी बाटली पाठवते आहे. तिच्यात हिरानखी आहे. तू बांधून दिलेली पुरचुंडी मी फेकली नव्हती. इकडच्या दमट हवेत तिला कीड लागेल म्हणून मी ती सोडून दाणे बाटलीत भरले आणि प्रयोगशाळेतल्या थंड कपाटात ठेवले. आमचे जिवाणू ज्या कपाटात असतात त्याच कपाटात, त्यांच्या वरच्या फळीवर. ट्रंकेत होते असं लिहिलं असतं तर तुला सोपं गेलं असतं, पण मला ते लिहायचं नाही. बाटली घट्ट बंद होती. आतल्या दाण्यांना कशाचाही स्पर्श झालेला नाही. पाठवण्याआधी मी थोडे ओल्या फडक्यात ठेवून पाहिले. मोड आले आहेत.

भैयाजी म्हणतात ते निदान एवढं तरी खरं निघालं. तुझ्या धानाचा जीव माझ्याकडे बाटलीत होता.

पेरायचं की नाही ते तू ठरव. पेरलंस तर गाव बोलेल. नाही पेरलंस तर मी समजून घेईन, पण मला फार वाईट वाटेल.

मी तुझीच आहे, हे तुला सांगावं लागू नये.

रुचिका

॥ श्री ॥
आंबागड, ३० नोव्हेंबर २०२५

चि. रुचिकास आईचे पोटभर आशीर्वाद.

मुद्दाम एवढे दिवस काही लिहिलं नाही. पिकाला दृष्ट लागेल म्हणून नाही, माझ्या तोंडाला लगाम नाही म्हणून. मंगेशलाही फोनवर बोलू नको म्हणून बजावलं होतं. आता ऐक.

बाटली आली त्या दिवशी भैयाजी नेमके अंगणात होते, वर्गणी मागायला. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. मला ट्रंक सुचली होती. पण मी सांगून टाकलं की पोरीनं बिजाई पाठवली, तिच्या जिवाणूच्या कपाटातली आहे. ते वर्गणी न घेताच गेले. त्यांना घालवायला एवढंच पुरतं हे माहीत असतं तर कधीच सांगितलं असतं.

परड्यात विहिरीजवळ पऱ्हे टाकले. उगवले. उशिराची रोवणी मी आणि तुझ्या बाबांनी केली, कारण मजूर बाया त्या बांधीत पाय ठेवायला तयार नव्हत्या. बांधी कसली, अंगणाएवढा तुकडा. लोक बांधावर थांबून बघायचे. कुणी म्हणालं की या धानाचा भात खाल्ला तर माणसाचे दोन होतील. तुझे बाबा म्हणाले की होऊ द्या, एक पानठेल्यावर बसेल, एक रोवणी करेल.

लोंबी धरली तेव्हा वास सुटला. तो वास गावातल्या प्रत्येक बाईला ओळखीचा आहे. गोदावरीबाई एका संध्याकाळी बांधावर आली. तोंडावर पदर होता, पण बराच वेळ उभी राहिली. मग घरी गेली. मी हाक मारली नाही. राग अजून मनात आहे माझ्या.

परवा कापणी झाली. सगळं बियाण्यालाच ठेवलं, एक दाणाही शिजवला नाही. ढोलीचा तळ झाकला गेला एवढंच. बाटली मी धुऊन भिंतीतल्या देवळीत ठेवली आहे.

तुमचा तो जिवाणू वाढताना दिसला तेव्हा तू रडलीस, असं तू लिहिलं होतंस. मी तेव्हा विचारलं नाही. वाफ्यात पहिलं हिरवं टोक दिसलं तेव्हा मी चिखलात बसून रडले, आणि तेव्हा मला तुझं ते वाक्य आठवलं. तुम्ही तिकडे करता ते बरोबर की चूक, मला अजून कळत नाही. भीती वाटते, ती वाटणारच. पण आता आलीस की मला सगळं नीट सांग, मी ऐकेन.

पुढच्या अक्तीला मी नेहमीसारखी दारात बसणार आहे. कुणी येईल असं वाटत नाही. तू ये. पहिली मूठ तुझी. आणि गाव आलंच नाही, तर दुसरीही तूच घे, पण मला दारात एकटीला बसवू नकोस.

वाट बघणारी,
तुझी आई