तेपाएरू आजीचा वेगळा माईक

३ मार्च

झालं! आम्हालाच बोलावलं. बेटावरच्या तितिकावेका गावच्या गाणाऱ्या मंडळींना नाही — आम्हाला, मातावेराच्या! नारळी खेकड्याचा कार्टून सिनेमा निघतोय, त्यातल्या मोठ्या गाण्याच्या मागे कोरस आम्ही गायचा. पुढून गाणार नीया मातापो. जिचे फोटो आमच्या पोरींच्या फोनवर असतात, ती नीया! तिचं गाणं ऑकलंडला भरून झालंय. आता फक्त आमचे आवाज भरायला डॅन म्हणून एक माणूस यंत्रं घेऊन येणार.

रविवारी चर्च सुटल्यावर सांगितलं. सगळ्यांच्या आधी तेपाएरू आजीने विचारलं, कपडे कुठले घालायचे? मी म्हटलं, आजी, सिनेमा खेकड्याचा आहे, आपण कुठे दिसतोय? ती म्हणाली, घाणेरड्या कपड्यातला आवाज कानाला लगेच कळतो. तेव्हा पांढरे झगे आणि टोप्या. ठरलं!

११ मार्च

तालीम घेतली, बरी झाली. पुरुषांचे हुंकार नीट बसले. गाणं परक्या माणसाने लिहिलेलं, सोपं आहे — शब्द तेवढे आपल्या भाषेतले. पोरींना दोन दिवसांत पाठ.

अडचण एकच. पेरेपेरे. सगळ्यांच्या वरून जो उंच आवाज जातो तो आमच्याकडे कायम तेपाएरू आजीचा. माझ्या वयाच्या सगळ्यांना तिनेच गायला शिकवलं, मला तर मांडीवर घेऊन. तिचा उजवा पाय म्हणजे आमचा ढोल. पाय आपटला की ओळ सुरू. पण हल्ली तिचा आवाज चढतो तो चढतोच, उतरताना कुठे उतरेल ते देवाला ठाऊक. चर्चमध्ये चालतं. चर्चमध्ये देव ऐकतो, डॅन नाही.

१८ मार्च

डॅन आला. चांगला आहे, घामाघूम आहे. हॉलमध्ये टाळी वाजवली आणि डोक्याला हात लावला — फार घुमतंय म्हणे, भिंतींवर काहीतरी जाड लावा. आजी उठली, स्कूटरवर मागे बसून घरी गेली आणि तीन तिवाएवाए घेऊन आली. मोठ्या फुलांच्या, हाताने टाचलेल्या गोधड्या. दोन नातवंडांच्या लग्नाला ठेवलेल्या आणि एक स्वतःच्या अंगावर, शेवटी, पेटीत घालायला. म्हणाली, लावा.

एकदा गाऊन झालं. डॅनने मला बाजूला घेतलं. एक आवाज सुईसारखा टोचतोय म्हणाला, नीयाच्या सुराला आडवा जातोय. त्या बाई थोडा वेळ बाहेर बसतील का? मी म्हटलं, आमच्यात असं चालत नाही. तो म्हणाला, मग उद्या मला दुसऱ्या गावाला विचारावं लागेल. आणि वर विचारतो — तितिकावेका इथून किती लांब?

ते नाव त्याने घेतलं नसतं तर बरं झालं असतं.

१९ मार्च

आज जे केलं ते इथेच लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

म्हाताऱ्या माणसाला गाऊ नकोस म्हणणं आमच्या गावात कुणाच्या जिभेवर येत नाही. आलं असतं तर तिच्या मागोमाग सगळ्या पांढऱ्या टोप्या उठून घरी गेल्या असत्या. मग मी शहाणपण केलं. रविवारच्या शाळेची छोटी खोली हॉलला लागून आहे. तिथे डॅनकडचा जास्तीचा माईक उभा केला. आजीला सांगितलं, पेरेपेरेला वेगळा माईक लागतो, तुझा आवाज मोठा म्हणून. इशारा करणारा माझा हात दिसावा एवढी फट ठेवून दारावर गोधड्या लावल्या. तिच्याच! बायका आत-बाहेर करत होत्या त्या गडबडीत वाकले, वायरचं टोक माईकजवळच्या जोडणीच्या डब्यातून उपसलं आणि तिथेच जमिनीवर सोडलं. डॅनला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, तू फार हुशार आहेस.

ती गायली. पूर्ण ताकदीने, प्रत्येक वेळी. गोधड्यांमधून अगदी पुसट यायचा आवाज. पाय मात्र आपटला नाही. खांबासारखी उभी! वाटलं, म्हातारी यंत्राला बिचकली. चहाला सगळ्या बाहेर आल्या, ही नाही आली. जागची हललीसुद्धा नाही. पोरींनी डोनट आत नेऊन दिला. मग एकेक म्हातारी आत जाऊन माईक बघून आली, पाळण्यातलं नवं बाळ बघावं तशी. आजी त्याच्या शेजारी ताठ उभी, हातात डोनट. मी मनात म्हटलं, बघा कशी माईकला चिकटलीय.

डॅन खूश. सुंठीवाचून खोकला गेला.

गेला कसला.

२० मार्च

आजीचा पाय सुजलाय. उभं राहून. इका माता, लिंबात मुरवलेली कच्ची मासळी, नेऊन दिली, नारळाचं दूध जास्त घालून, तिला आवडते तशी. सुजलेला पाय उशीवर ठेवून ती शेजारणीला सांगत होती, की मला वेगळा माईक होता.

मला म्हणाली, बस ना, खा. मी काम आहे सांगून पळाले.

४ एप्रिल

रविवार. गाणी घेतली. तिच्या बाजूला पाहिलं नाही.

१२ डिसेंबर

सिनेमा आला. आमच्याकडे यायच्या आधीच गाणं आलं. रेडिओवर तेच, बाजारात तेच, स्कूटरवरून जाणारी पोरं तेच ओरडत जातात. हॉटेलातला बॅंडवाला पर्यटकांपुढे तेच गातो, तेही चुकीचं. खेकड्याचे टीशर्टसुद्धा आले. आणि त्यात मागून आम्ही आहोत! कुठे काही घ्यायला गेलं की लोक पपई हातात कोंबतात, पैसे घेत नाहीत.

आजीला तर शनिवारी बाजारात लोक घेरतात, पुढे जाऊ देत नाहीत. वेगळ्या माईकवाली आजी! ती हसते, मान डोलावते.

कधीतरी वाटतं कुणीतरी मलाच धरून विचारावं. सोक्षमोक्ष तरी लागेल.

१५ डिसेंबर

मेलबर्नहून आजीच्या नातीचा, मोएरोआचा मेसेज. आम्ही दहा वेळा ऐकलं, आजी कुठे येते ते सांग.

मी लिहिलं — दुसऱ्या कडव्यात, उजव्या कानात.

का लिहिलं? बोटं आपोआप चालली. एक खोटं पुरलं नाही म्हणून आता त्याला कान चिकटवले. लगेच उलट निरोप: सापडली! सगळे रडतोय! बरोबर आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता — सगळं घर दुसऱ्या कडव्याला टाळ्या वाजवतंय. मी फोन उशीखाली टाकला. त्या कडव्यात उजव्या कानाला जे आहे तो आमच्यातल्या तुआइनेच्या मुलीचा आवाज आहे, आणि तिला अजून सतरावंही लागलेलं नाही.

२७ डिसेंबर

नाताळला मेलबर्नची मंडळी आली. काल गावाच्या हॉलमध्ये पडदा बांधून सिनेमा दाखवला. पाद्रीसाहेब, त्यांच्या मागे अख्खं गाव, शिवाय तितिकावेकाचे आले नाक वर करून. आजीला मधली खुर्ची. शेजारी मी! मोएरोआनेच बसवलं, ओढून.

खेकडा समुद्राच्या तळाशी एकटा चालतोय आणि गाणं सुरू झालं. दुसरं कडवं आलं तशी मोएरोआने बोट वर केलं. सगळा हॉल गप्प. पोरांच्या हातातल्या चिप्सच्या पिशव्यासुद्धा गप्प. मी जीव कानात आणून ऐकत होते, देवा, एकदा तरी काहीतरी ऐकू येऊ दे. काही नाही. नीया, आणि आमच्या पोरी.

आणि सगळ्यांना ऐकू आली! हो हो, ही काय, तेपाएरूच! पाद्रीसाहेबांनी डोळे पुसले. तितिकावेकावाल्यांनीसुद्धा मान हलवली. आजीने माझा हात घट्ट धरला होता. पडद्याकडे बघत नव्हती ती, माझ्याकडे बघत होती.

शेवटी नावं आली. गायकमंडळ, मातावेरा. आणि खाली एकटीचं — अकाइती तेउरा, संचालन. टाळ्या वाजल्या. माझ्या नावाला!

८ जानेवारी

रेडिओवाल्यांनी आजीला बोलावलं, सोबत मला. निवेदक पोरगा गोड आहे, पण गोड माणसंच असले प्रश्न विचारतात. आजी, सिनेमात नेमका तुमचा आवाज कुठला?

मी खुर्चीचा हात धरून बसले. आजी म्हणाली, ते अकाइतीला विचार, मला उभं तिने केलं होतं.

पोरगा माझ्याकडे वळला. मी काय बोलले आठवत नाही. तळाचा आवाज, पाया, असलं काहीतरी. खाई त्याला खवखवे. घरी येताना स्कूटरवर ती मागे बसली होती, माझ्या कंबरेला धरून, आणि गुणगुणत होती. तेच गाणं. सूर थोडा वरच होता.

२२ जानेवारी

आता मात्र आलं अंगावर. ऑकलंडला मार्चमध्ये नीयाचा मोठा कार्यक्रम, आणि आम्हाला बोलावणं! सगळ्यांना, विमानाने, स्टेजवर तिच्या मागे उभं राहून तेच गाणं. पोरी नाचताहेत. पाद्रीसाहेबांनी प्रार्थनेत सांगितलं. आजीने लगेच कापड आणलं, पांढरं, सगळ्यांसाठी. शिवणयंत्राला तेल घातलं.

संध्याकाळी डॅनचं पत्र आलं, फक्त मला. मंडळ तेच हवं, ती एक बाई सोडून. स्टेजवर वेगळी खोली नसते, असं लिहून पुढे हसरा चेहरा. तिच्यासह जमणार नसेल तर दुसरं गाव बघतो. आठवड्यात कळव.

२५ जानेवारी

तीन दिवस युक्त्या शोधतेय. आजीला पुढे बसवायचं, मानाची पाहुणी म्हणून? हातात फुलं द्यायची? डॉक्टरकडून म्हणवून घ्यायचं की विमान झेपणार नाही? प्रत्येक युक्ती सुचली की वाटतं, वा! आणि मग माझीच मला शिसारी येते. असंच वाटलं होतं तेव्हाही. वा!

नाही म्हणून कळवलं तर पोरींचं जाणं बुडतं. त्यांचा काय दोष? आणि तितिकावेकावाले जातील. ते गेले तर लोक विचारतील, आपण का नाही? मग सगळंच बाहेर येईल. पुन्हा कोण उभं करेल मला गाणाऱ्यांच्या पुढे? मला दुसरं काही येतही नाही.

लाज वाटते हे लिहिताना. आजीचं काय होईल ते मी सगळ्यात शेवटी लिहितेय. अजून लिहिलंच नाही.

तिचं काय होईल? बाजारातून मान खाली घालून चालेल. वेगळ्या माईकवाली आजी. मोएरोआच्या घरचे दुसरं कडवं परत लावणार नाहीत. मी केलं हे. डॅनने नाही, मी.

२८ जानेवारी

गेले होते सांगायला. दारातूनच यंत्राचा आवाज. तिने माझ्याच अंगाला माप लावलं, टाचण्या तोंडात धरून. हात वर कर, वळ, पोट आत घे, इतकं काय खातेस! जातेय तोवर झगा उसवेल म्हणाली. भिंतीवर ती तिसरी तिवाएवाए टांगली होती, पेटीत घालायची. डॅनच्या खिळ्याचं भोक तिने बारीक पान टाचून झाकलंय. बघितलं आणि सांगायचं सोडून दिलं. अर्धा टाचलेला झगा तसाच अंगावर घालून घरी आले. टाचण्या टोचल्या. टोचू देत.

२९ जानेवारी

सांगितलं. दारातच, आत न जाता, एका दमात. वायर, गोधड्या, उजवा कान, डॅनचं पत्र — सगळं. बोलून झालं आणि रडू फुटलं.

तिने यंत्र थांबवलं नाही, शिवण संपवली. मग म्हणाली, "वायरचं टोक माझ्या चपलेखाली होतं गं. तू वाकलीस तेव्हाच दिसलं. पाय उचलला असता तर त्या सगळ्या बायकांना दिसलं असतं. मग तुला परत कुणी पुढे उभं राहू दिलं असतं का?"

तो न आपटलेला पाय! तो चहा, तो डोनट, ती सूज!

तिने दोरा दाताने तोडला. "ऑकलंडला मात्र मी ओळीत उभी राहणार. पाय मोकळा ठेवून."

तसं डॅनला कळवलं. नको असेल तर तितिकावेकावाले आहेतच.