कुणी मला लढवय्यी म्हणू नये

मी, बोर्गहिल्ड ओसेन, वय एकाहत्तर, जहाजावरची निवृत्त स्वयंपाकीण, राहणार ओलेसुन, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या पश्चात काय व्हावं ते इथे लिहून ठेवते. मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला त्याला सात वर्षं झाली. तरी मी आहे.

राहतं घर विकून येईल ती रक्कम बचावनौकेच्या मंडळाला द्यावी. बर्फ हटवायचं यंत्र शेजारच्या उड-ब्यार्नला द्यावं. तसंही ते तीन हिवाळे त्याच्याच शेडमध्ये पडून आहे.

माझ्या गाठीचे इस्पितळात जपलेले तुकडे संशोधनासाठी वापरण्यास माझी संमती आहे. त्यांत रोगप्रतिकारक पेशींची दाटी सापडली. अशी दाटी असलेली माणसं बहुधा जास्त जगतात, पण हमी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझा रोग पसरला त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला, तोरुनला, हाच रोग झाला होता. तिच्या गाठीत त्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. औषधं तिनं माझ्यापेक्षा नेटानं घेतली. दुसरंही औषध लागू पडेना, तेव्हा तिनं उपचार थांबवले आणि उन्हाळाभर माझ्या बेटावरच्या घरी येऊन राहिली.

तिच्या दफनानंतरच्या कॉफीला तिची मुलगी इंगविल्ड सर्वांदेखत म्हणाली, "मावशी लढली. आईनं हात टेकले." मी गप्प बसले. पोरगी पोटुशी आहे, औषधं लागू पडत नाहीत हे तिला सांगायचं नाही, असं तोरुननं मला बजावलं होतं. आता तोरुनची नात शाळेत जाते. म्हणून इथे सांगते.

बेटावरचं लाकडी घर, होडी ठेवायच्या खोपटासह, इंगविल्डला द्यावं. अट काही नाही. त्याच घराच्या पायरीवर बसून तोरुन मला म्हणाली होती, "ताई, जन्मभर नाचाला सगळे मलाच विचारायचे. या खेपेला त्या पेशी मात्र सगळ्या तुझ्याकडे गेल्या बघ." आणि हसली. मला हसता आलं नाही. ती मला रोज आठवते.

माझ्या दफनानंतर सर्वांना कॉफी आणि वॅफल द्यावेत, जॅममध्ये काटकसर नको. माझ्या धैर्याबद्दल कुणी बोलायचं नाही; मी फक्त सांगितलेली औषधं घेतली. भाषण एकच व्हावं. ते इंगविल्डनं करावं, आणि तिच्या आईबद्दल करावं.

ओलेसुन, १४ मार्च २०२३
(सही) बोर्गहिल्ड ओसेन

बाईंनी आम्हा दोघांसमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. यातून आम्हाला काही मिळत नाही.
साक्षीदार: स्वाइन रोहाइम, आस्त्री मोल्नेस