न पुसलेला रुपया

नाना, आपल्या घरात अधर्म माजला आहे, हे तुमच्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी माझी नवीकोरी टूथपेस्ट चांदीची निरांजनं आणि करंडा घासण्यात संपवली गेली. मी दात मिठाने घासले. एवढ्यावर न थांबता तुमची सून माझ्या राणीछाप रुपयाकडे वळली. "अहो, लक्ष्मीपुढे हे काळं तोंड ठेवायचं? दोन मिनिटं चोळते." मी म्हणालो, "आधी मला चोळ." ती म्हणाली, "तुमचा काही उपयोग नाही आता."

हे भांडण मला तुमच्याकडूनच मिळालंय. आजी गेली त्या वर्षी तिच्या गाठोड्यातून पाच राणीछाप निघाले, बाजार न पाहिलेले. तुम्ही भोसरीच्या वर्कशॉपात बफिंगवर होतात, फिरत्या चाकावर धातूला चकाकी आणायच्या कामाला. पूजेसाठी त्यातले चार रुमालात बांधून नेलेत आणि चाकावर धरून आणलेत. पाचवा मी बघायला ठेवून घेतला होता. संध्याकाळी तुम्ही आपल्या खोलीच्या उंबऱ्यात उभे आहात, हाताला अजून बफिंगच्या साबणाचा काळा लेप, आणि चेहऱ्यावर असा आनंद की बोलायची सोय नाही. "बघ, कसा आरसा झालाय." आरसा झाला होता खरा. राणीचे केस मात्र गेले होते, गाल सपाट. "दे त्यो हिकडं, उद्या चाकावर मारून आणतो." मी मूठ आवळली. "देवाम्होरं काळं ठेवत्यात व्हय रं?" नववीत संस्कृतात पैकीच्या पैकी मिळवणारा मी, "न दास्यामि" म्हणालो. तुम्हाला संस्कृत येत नव्हतं, पण नकार कळला. कानाखाली बसली. मूठ उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी पाटावर तुमचे चार आरसे, आणि शेजारी वेगळ्या विड्याच्या पानावर माझा काळा रुपया. पान तुम्हीच मांडलंत. समजूत काढलीत की वाळीत टाकलंत, ते मी अजून ठरवलेलं नाही.

आता ऐका. आजीच्या रुपयांवर जो सन आहे, त्या सनाचे रुपये मुळात थोडे, हात न लागलेले त्याहून थोडे. तुमचे चार आज नुसते चांदीच्या वजनावर जातात. माझा दिव्याखाली तिरपा धरला की उजेड त्यावर चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. घासलेल्यावर तो फिरत नाही, नुसता चमकतो. हा फरक ओळखण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि मी बरोबर होतो, नाना. तुमची थप्पड चुकली होती. यंदाही मी तो कुणाला चोळू दिला नाही, पुढेही देणार नाही.

गेल्या रविवारी चिंचवडला नाण्यांचं प्रदर्शन होतं. ओळखीच्या व्यापाऱ्याने दोन रुपये पुढे केले. "सर, यातला घासलेला कुठला, तेवढं सांगा. तुमच्याशिवाय कुणाला विचारू?" मी दिव्याखाली दोन्ही फिरवले आणि एकावर बोट ठेवलं. त्याने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चहा घेता का, सर?" तो चहा सांगायला वळला तेव्हा मी भिंग लावून पाहिलं. घासल्याचे बारीक ओरखडे दुसऱ्यावर होते.

घरी सांगितलेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडेही गेलेलो नाही. तुम्ही गेल्यावर लिहिलेलं हे पत्र कुठे जाणार नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. काल माझा स्वतःचा रुपया बराच वेळ दिव्याखाली धरला होता. उजेड फिरतोय हे मला ठाऊक होतं. दिसला नाही.