स्थानिक नावाचा रकाना

अण्णा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज मला तुमचा प्रचंड राग आला आहे. शनिवारची सुट्टी, शारजातल्या अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी भाजी परतत होते, तेवढ्यात धाकट्या भावाचा गावाहून फोन. "ताई, शेती विकायला काढलीय. सातबाऱ्यावर स्थानिक नावाचा रकाना कोरा आहे आणि गिऱ्हाईकाला सगळे कुणगे नावानिशी हवेत. मला एकही नाव येत नाही. तुला तर पाठ होती ना?"

पाठ होतीच. तुम्हीच करून घेतली होतीत. संध्याकाळी पडवीत बसून तुम्ही मला कोडी घालायचात. "उन्हाळ्यात उपाशी, पावसाळ्यात पोट सुटलेली, जागची कधी हलली नाही, कोण?" तळी, एवढं साधं उत्तर मला सुचायचं नाही. मग आपल्या घरचा नियम: हरलेल्याने एक शेत द्यायचं, नाव घेऊन. "म्हातारीचा कुणगा दिला!" मी ओरडायची आणि तुम्ही खो-खो हसायचात. धाकट्याला तुम्ही कधी कोडं घातलं नाहीत. त्याच्याकडून काही सोडवून घ्यायचं नव्हतं, हे आठ वर्षांच्या मला काय कळणार! लग्नानंतर मी शारजाला निघाले, त्याच आठवड्यात तुम्ही मला तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्र पुढे केलंत. "आधी कोडं तरी घाला," मी म्हटलं. तुम्ही हसला नाहीत. "आपल्यात बहिणी जमीन घेत नाहीत. सही कर." मी मुकाट्याने केली. सवयच लावली होतीत ना! लबाडी होती ती, अण्णा, लाडाच्या नावाखाली केलेली.

म्हणून आज मी सरळ सांगणार होते, विसरले, तुझं तू शोध. माझी लेक टेबलापाशी बसून सगळं ऐकत होती. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. "मम्मा, इट वॉज युवर्स टू. डोन्ट टेल हिम." तिचं बरोबर होतं. पण धाकटा म्हणाला, "सांग, लिहून घेतो," आणि मी सुरू झाले. तिरफळाखालचा कुणगा. वाघाचं खाचर. नवरीची तळी. कोणाला लागून कोण, पाट कुठून वळतो, सगळं. अकराच्या अकरा. लेक उठून आत निघून गेली.

हे पाठवणार कुठे, वहीतच राहील. फक्त एक कबूल करते. सांगताना मला इतकं बरं वाटत होतं, की अकरावं संपल्यावर मीच त्याला विचारलं, "नीट लिहिलंस ना? पुन्हा एकदा सांगू?"