वाकड्या नाकाचं नाव

आप्पा, आज दुपारी लाईट गेली आणि मी लई भ्याले. ते सांगायलाच बसलेय. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, तरी भ्याले की अजून तुमचंच नाव तोंडात येतं. आज तर ते मोठ्यानं आलं. कसं, ते सांगते, पण जरा मागनं सुरू करावं लागेल, कारण तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते आणि पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक न्हाय.

मी स्कॉटलंडला शिकायला गेले आणि तिकडंच लग्न केलं. नवरा तिकडचाच. उंच हाय, शांत हाय. आईला फोनवर ‘जेवलीस काय, आई?’ एवढंच मराठी बोलतो, आणि आई त्याला रोज खरं उत्तर देते, भाजीसकट. आत्ता मी वडगावला, आपल्याच घरात हाय. आठवा महिना. मुलगा हाय. तिकडं तपासणीत सांगतात म्हणून मला ठाऊक. इथं कुणाला बोलले न्हाय, आईलाबी न्हाय. नवरा तारखेच्या दोन आठवडे आधी येणार. तोवर त्याचं एकच चाललंय, नाव. सव्वीस नावांची यादी होती, ती खोडत खोडत तीनवर आलीय. लाखलन, कॅलम, कॅमेरॉन. लाखलनमधला ख तो असा घशातनं काढतो की आईनं एकदा विचारलं, ‘त्याला सर्दी झालीय व्हय गं?’ लाखलन म्हणजे तळ्यांच्या मुलखातला. कॅलम म्हणजे पारवा. कॅमेरॉनचा अर्थ सांगताना तो हसायला लागला. वाकडं नाक. ‘आजोबांचं नाव होतं म्हणून यादीत ठेवलंय, तू खोडशीलच,’ म्हणाला. मी खोडलं न्हाय. का, ते त्याला सांगता येईना. तुम्हाला येईल.

आधी एक मूल झालं होतं, आप्पा. दोन वर्षांपूर्वी. त्याचं नाव आम्ही पाचव्या महिन्यातच ठेवलं होतं. तिकडं ठेवतात. त्या नावाचा अर्थ होता माणसांचा राखणदार. सासूबाईंनी पांढरी शाल विणली, तिच्या कोपऱ्यात निळ्या लोकरीनं ते नाव. मी आईला फोनवर दाखवलं. आई म्हणाली, ‘अजून आलं न्हाय की गं ते. आत्ताच नाव?’ आणि मी हसले. एम. ए. झालेली पोर हसती तशी हसले. तो दोन दिवस होता. डॉक्टरांनी कारण सांगितलं, कागदावर लिहून दिलं, मी तो कागद चार वेळा वाचला, मला सगळं समजलं. त्यात नावाचा काही संबंध नव्हता. हे मला पक्कं ठाऊक हाय. पण त्याचं नाव मी अजून कुठं लिहीत न्हाय, इथंबी लिहिणार न्हाय. तिकडचा दवाखान्याचा तो लांब बोळ परत बघायचा न्हाय म्हणून यावेळी सातव्यातच आईकडं आले. मी गोष्टी लिहिते, आप्पा. माझ्या गोष्टींत कुणालाच नाव नसतं. लोक म्हणतात, प्रयोग हाय. मी बी मान डोलावते. प्रयोग कसला, भीती हाय ती.

आता ती शाळेची गोष्ट. तुम्ही ती एकदाच बोललात, मी एकदाबी न्हाय. लष्कराच्या कॅम्पातल्या शाळेत आठवीला होते. फॉर्म भरायचा होता, वडलांचं नाव. वर्गातल्या पोरींचे वडील कोण मेजर, कोण वकील, आणि मला लिहायचं होतं केरबा. केरबा म्हणजे काय, ते हसत हसत विचारणारी एक तरी असतीच. मी लिहिलं, किरण. मग पालकांच्या मीटिंगला तुम्ही येता. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, केसात एक बारीक कापसाचा तुकडा राहिलेला. बाई म्हणतात, ‘या, मिस्टर किरण.’ तुम्ही माझ्याकडं बघता. मग बाईंना म्हणता, ‘व्हय बाई, मीच.’

कॅम्पापासून वडगावपर्यंत सायकलवर मी मागं बसलेय. घरी न नेता थेट तुम्ही कापड विणायचा त्या मागाच्या शेडमध्ये नेलंत. चालू माग तुम्ही बोलण्यासाठी कधी थांबवत नव्हता, खटखटाटावर ओरडूनच बोलायचा. त्या दिवशी दोन्ही माग बंद केलेत. शेजारच्या मागावरचे काका म्हणाले, ‘काय रं, सूत तुटलं व्हय?’ तुम्ही म्हणालात, ‘व्हय, तुटलंय, जोडतो.’

मग मला म्हणालात, ‘माझ्या आधी दोघं होती. एकाला राजाचं नाव, दुसऱ्याला देवाचं. लई झ्याक नावं. एक सहा म्हयन्यांत गेला, दुसरा वर्साचाबी झाला न्हाय. मग मी झालो, तर मला दारातल्या केरावर ठेवलं. शेजारणीनं सुपात उचलून आणलं आणि म्हणाली, हे केरातलं हाय, तुमाला पायजे काय? नाक टोचलं. नाव केरबा. असल्या पोराकडं कोण बघतंय? मरण बी बघत न्हाय.’ तुमच्या डाव्या नाकपुडीवरची ती बारीक खळी मी तोवर देवीचा वण समजत होते. ‘तू लाज ह्या नावाला, हरकत न्हाय,’ म्हणालात. ‘पर खोडू नको. ह्याच्या आड लपून मी एवढा झालोय.’ आणि माग चालू केलात. मी सॉरी म्हणाले, ते खटखटाटात तुम्हाला ऐकू गेलं नसणार.

तर आज दुपारी. मी कॉटवर डाव्या कुशीवर पडलेले. गल्लीत माग चालू होते. त्या आवाजावर हा पोटात नाचतो, आप्पा. माग सुरू झाले की लाथा, दुपारच्या जेवणाला थांबले की चूप. मला बरं वाटतं, वडगावचा हाय म्हणून. दोनच्या पुढं लाईट गेली. आख्खी गल्ली एकदम गप. तोबी गप. दहा मिनिटं गेली. वीस गेली. मी पाणी पिले, गूळ खाल्ला, कूस बदलली. पोटावर हात ठेवून मोजायला लागले, पण मोजायला काही येईचना. आईला हाक मारावी, तर आईचा चेहरा बघावा लागेल, आणि मागच्या वेळी फोनवर तो बघितलाय मी. नवऱ्याला फोन लावावा, तर तो विचारणार, काय झालं? आणि काय झालं ते बोलून दाखवलं तर ते खरं होईल. हात पोटावर तसाच. आणि मी मोठ्यानं म्हणाले, ‘केरबा. ए केरबा.’ लाथ बसली. अशी बसली की गुळाची वाटी सांडली.

आई दारात उभी होती. हाताला पीठ. आप्पा, तुमचं नाव तिनं जन्मात घेतलं न्हाय, अजूनबी ‘हे’ म्हणती. ‘कुणाला हाक मारलीस?’ म्हणाली.

‘कुणाला न्हाय.’

तिनं माझ्या हाताकडं बघितलं, हात कुठं होता ते बघितलं. मुलगा हाय, ते तिला तेव्हाच कळलं असणार.

‘दिली काय ओ?’

‘दिली.’

‘मग ऱ्हाऊ दे तेच, हाकेला,’ म्हणाली. ‘कागदावर काय पायजे ते लिवा. आनि ती तिकडची शाल-बिल आत्ता नको. ह्यांचं जुनं धोतर हाय ट्रंकेत. धुतो मी.’ आणि भाकरी करपली म्हणत आत गेली.

लाईट आली, माग सुरू झाले. मी नवऱ्याला कळवलं, कॅमेरॉन. त्याचं लगेच उत्तर आलं. खरंच? वाकडं नाक? मी लिहिलं, व्हय, वाकडंच पायजे. पण जन्मल्यावर. तोवर कुणाला सांगू नको, आणि तुझ्या आईंना काही विणू देऊ नको. तो म्हणाला, बरं. का, ते विचारलं न्हाय. भला माणूस हाय.

हे पत्र कुठं टाकायचं, ठाऊक न्हाय. घडी करून दाराशी ठेवते, उद्या आई केर काढताना जाईल. आईला मी सांगितलं की त्यानं ओ दिली, वर तुम्हालाबी तसंच लिहिलं. आप्पा, लाथ आधी बसली होती. हाक मी नंतर मारली.