आठवा बिल्ला

सोमवार, ४ तारीख

पोचले एकदाची बेटावर! खोली टीचभर, पलंग करकरतो, पण खिडकीतून थेट समुद्र. सामान लावायला वीस मिनिटं लागली. त्यातली दहा माझ्या लेकीचा, चिऊचा फोटो कुठे ठेवायचा यात गेली. सोळा तारखेला, शनिवारी, माझी आई तिला घेऊन दुपारच्या लाँचने येणार आहे. निघताना चिऊने विचारलं, तिथे गेल्यावर तू हसशील का? वय वर्षं सात, प्रश्न वकिलाचे. हे गेले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी ना रडले, ना हसले. नुसती कामं उरकते. म्हटलं, हसेन की.

मंगळवार, ५ तारीख

काम समजून घेतलं. प्रवाळ राखीव आहे, दिवसाला आठच माणसांना खाली उतरायची परवानगी. सहा पाहुणे, एक मोजणीवाला आणि आठवी मी. पाहुणे पोवळ्याला हात लावत नाहीत ना, एवढंच बघायचं. होडीवर एक फळी आहे, तिच्यावर आठ खिळे, आठ पितळी बिल्ले. उतरताना आपला बिल्ला मनगटाला बांधायचा, वर आलं की खिळ्याला लावायचा. आठही लागले की होडी सुटते. होडीचे तांडेलकाका डोकी मोजत नाहीत, बिल्ले मोजतात. त्यांनी दोनदा बजावलं की ज्याचा बिल्ला त्यानेच लावायचा, मग तो कितीही दमलेला असो. शाळेतल्या हजेरीसारखंच की हे, म्हणून मी मान डोलावली.

कमरेला पाटी आणि पेन्सिल असते, पाण्याखालीही लिहिता येतं. माझ्यासारखीला आणखी काय हवं!

गुरुवार, ७ तारीख

मोजणीवाला पोवळ्यांची वाढ मोजतो. सगळे त्याला रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. पिवळी टोपी, तीन नंबरचा बिल्ला. आज सिलिंडर भरताना त्याने मला तासभर पिळलं. चिऊ येणार म्हटल्यावर तिला पोहायला शिकवायचं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं. खाली मात्र तोही गप्प असतो. निळं पाणी, जांभळी झुडपं, आणि आपल्या श्वासाचे बुडबुडे वर जाताना दिसतात. छान आहे, हे मला कळतं. वाटत मात्र काही नाही.

शनिवार, ९ तारीख

आज वारा होता, सगळ्यांना घाई. रेडिओचा बिल्ला शिडीच्या पायरीवर पडलेला सापडला. तो मागे पाठमोरा बसला होता, पिवळी टोपी घालून. बसू दे बापडा, दमला असेल, म्हणून मीच बिल्ला खिळ्याला लावला. होडी सुटली.

सोमवार, ११ तारीख

रेडिओ परवापासून एक शब्द बोललेला नाही. सगळे त्याला चिडवून दमले. जेवत नाही. बसतो तिथे ओलं होतं.

खाली मला दोन पिवळ्या टोप्या दिसल्या. एकीतून बुडबुडे निघत होते. दुसरीतून नाही. दुसरा माझ्याजवळ आला. तोही रेडिओच. त्याने पाटी समोर धरली. माझा बिल्ला कोणी लावला, एवढंच लिहिलं होतं.

त्याने माझं मनगट धरलं. मी हिसडा देऊन वर आले. उजव्या हाताची बोटं तेव्हापासून बधिर आहेत. चहा सांडला तरी भाजलं नाही.

मंगळवार, १२ तारीख

तांडेलकाकांना सांगितलं. ते दचकले नाहीत, हेच मला जास्त लागलं. म्हणाले, आधीही एकदा झालंय. ज्याने बिल्ला लावला त्यानेच तो खाली नेऊन ज्याचा आहे त्याच्या हातात द्यायचा, दुसरा इलाज नाही. आणि देणाऱ्याला वर येता येईलच असं नाही. मग विचारलं, तू लावलास का?

मी नाही म्हणाले.

शनिवारी चिऊ येतेय. एकदा तिला बघते, मग काय ते.

लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

गुरुवार, १४ तारीख

दोन्ही हात बधिर. पेन मुठीत धरून लिहितेय.

तो आजही होता. पाटीवर लिहिलं होतं, चिऊ शनिवारी येणार ना.

मीच तर सांगितलं होतं त्याला. तो रेडिओ होता तेव्हा—

शनिवार, १६ तारीख. सकाळ

ती येण्याआधी देऊन टाकते. तिचं नाव पुन्हा त्याच्या पाटीवर नको.

तीन नंबरचा बिल्ला मी खिळ्यावरून काढला. वरचा रेडिओ बघत बसला, उठला नाही. माझा आठ नंबर आणि त्याचा तीन, दोन्ही एकाच दोरीत ओवले. दोन गाठी मारणं या बोटांना जमेना.

फोनवर चिऊ म्हणाली, आई, आज हसायचं हं.

शनिवार. पाटीवर

दिला. पण गाठ सुटेना— त्याने ओढलं— अख्खी दोरी गेली. माझाही गेला. बोटांना कळलंच नाही.

त्याने टोपी काढली. चेहरा माझा.

शिडीवर चढतेय ती. तीन लावला असेल. आठ लावला असेल. फळी भरली.

इंजिन सुरू झालं. ओरडले— बुडबुडे नाहीत. माझ्यातून एकही—

होडी गेली. लाँच दुपारची. धक्क्यावर चिऊ.

रेडिओ गप्प झाला तर सगळ्यांना कळलं. मी तर दोन वर्षं गप्पच. ती हसणार नाही, बोलणार नाही, जवळ घेणार नाही— चिऊला वाटेल आईच. कसं कळणार तिला की

चिऊ, मी रडतेय गं. बघ ना, मला आत्ता रडू येत